रांगेत कोण थांबणार?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार मॅडम. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. पुढे ऑफिस, मागे शेड, मधे १८० मीटर फायबर. फायबरच्या दोन्ही टोकांना १०० एमबीपीएसचे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारे डबे) आहेत. एकूण १४ आयपी फोन, त्यातले ६ शेडमध्ये. फोनचं एक्स्चेंज ऑफिसात, डिझाइनचा सर्व्हर शेडला लागून असलेल्या खोलीत. दोन महिन्यांपूर्वी दोन्हीकडे वापरलेले पण चांगल्या स्थितीतले कॅटॅलिस्ट २९६० जातीचे गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) स्विच घेतले. फोनचा आवाज अधूनमधून तुटायचा, म्हणून पुतण्याने व्हिडिओ बघून ऑफिसच्या स्विचवर क्यूओएस (कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) चालू केलं. तेव्हापासून आवाज जास्तच तुटतो आणि डिझाइनच्या फायलीही रखडतात. परदेशी गिऱ्हाइकाचा फोन डिस्पॅचला जोडून दिला की आमचा माणूस "हॅलो, हॅलो" करत बसतो. समोरच्याला मात्र त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू जातं. स्विच खराब निघाला का? परत करू का? कॉन्फिगरेशनचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर: स्विच परत करू नका, तो धड आहे. पुतण्यालाही बोलू नका. त्याने टाकलेली ओळ बरोबर आहे, पण ती पहिली ओळ आहे आणि तिच्या पुढच्या ओळी राहून गेल्यात.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटून तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. शेडमधल्या माणसाला तुटक ऐकू येतं आणि समोरच्याला स्वच्छ. म्हणजे ऑफिसकडून शेडकडे जाणाऱ्या दिशेने गर्दी आहे, उलट्या दिशेने नाही. आवाज तुटतो अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारते: कोणाला तुटक ऐकू येतं? तेवढ्यावर निम्मा शोध संपतो. तुमच्या ऑफिसकडच्या डिझाइन रूममधून फायली शेडच्या सर्व्हरवर त्याच दिशेने जातात. म्हणजे बघायचं ते ऑफिसच्या स्विचचं, फायबरकडे जाणारं एकच पोर्ट.

आता फोनचं एक पॅकेट जवळून बघा. साधारण जी.७११ या पद्धतीत फोन दर २० मिलिसेकंदांचं बोलणं एका पॅकेटमध्ये भरतो. सेकंदाला ५० पॅकेटं. एकेका पॅकेटमध्ये १६० बाइट आवाज, वर ४० बाइट पत्ता-बित्ता, आणि इथरनेटचं वेष्टण १८ बाइटचं. हिशेब केला तर एका बोलण्याला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. तुमचे चौदाच्या चौदा फोन एकदम बोलू लागले तरी सव्वा एमबीपीएसच्या आत काम होतं. १०० एमबीपीएसच्या लिंकवर ही मागणी काहीच नाही. म्हणून "लाइन मोठी घ्या" असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे. फोनला जागा कमी पडत नाही, त्याला वेळेवर वाट मिळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या दिवसांत रात्री आपल्या मार्केट यार्डाकडे गेला असाल तर गाड्यांची रांग पाहिली असेल. गेट तेवढंच, गाड्या दोनशे. त्या दोनशेच्या मागे दुधाचा एक पिकअप येऊन उभा राहिला तर तो लहान आहे म्हणून लवकर सुटत नाही, त्याचाही नंबर दोनशे एकावाच. तुमच्या पोर्टावर हेच होतं. डिझाइन रूमचा कॉम्प्युटर गिगाबिटने पॅकेटं ओततो आणि पुढचं गेट १०० चं. फाइलचं एक पूर्ण पॅकेट १५०० बाइटचं, ते बाहेर पडायला ०.१२ मिलिसेकंद. अशी दोनशे पुढे उभी असली तर फोनचं पॅकेट २४ मिलिसेकंद थांबतं. एवढा उशीर फोन पोटात घालतो. पण रांगेची जागा भरली की मागून येणारं पॅकेट स्विच सरळ टाकून देतो. फाइलचं पॅकेट पडलं तर कॉम्प्युटर ते पुन्हा पाठवतो, माणसाला कळतही नाही. बोलण्याचं पॅकेट पडलं की गेलं. 'कंटेनर' म्हणायला अर्धा सेकंद लागतो असं धरलं तर ती पंचवीस पॅकेटं झाली. मधली सलग चार-पाच पडली की डिस्पॅचच्या माणसाला 'कं... नर' ऐकू येतं, आणि तो पुन्हा "हॅलो" म्हणतो.

हे झालं मूळ दुखणं. आता पुतण्याने टाकलेल्या 'एमएलएस क्यूओएस' या ओळीने ते वाढलं कसं, ते सांगते. ही ओळ नसते तेव्हा या जातीचा स्विच पॅकेटवरच्या खुणेला हात लावत नाही, आहे तशी पुढे जाऊ देतो. ती ओळ टाकली की दोन गोष्टी होतात. एक, प्रत्येक पोर्ट 'मी कोणावरही विश्वास ठेवत नाही' असं धरून चालतं. फोन आपल्या पॅकेटवर ४६ ही खूण लावून पाठवतो, ती खूण 'मी आवाज आहे, मला आधी सोडा' असं सांगते, आणि स्विच ती पुसून तिथे शून्य घालतो. दोन, पोर्टातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटांची थांबायची जागा चार रांगांत वाटली जाते, मुळात प्रत्येकीला २५ टक्के. शून्य खुणेचं सगळं दुसऱ्या रांगेत जातं. म्हणजे तुमचा फोन, तुमची फाइल, हजेरीचं मशीन, सगळे एकाच रांगेत कोंबले गेले, आणि उरलेल्या तीन रांगांच्या जागा बऱ्याचशा रिकाम्या. आधी फोन एका मोठ्या गर्दीत उभा होता, आता लहान खोलीतल्या गर्दीत उभा आहे. फाइल रखडते तीही याचमुळे.

म्हणून आज संध्याकाळी काम सुटल्यावर आधी 'नो एमएलएस क्यूओएस' टाका आणि दोन दिवस तसंच चालू द्या. आवाज पूर्वीइतकाच तुटायला लागला तर माझं म्हणणं खरं ठरलं. हे दोन दिवस वाया गेले असं समजू नका. आपण बिघाड जागेवर पकडला का, हे कळल्याशिवाय पुढच्या ओळी टाकणं म्हणजे अंदाजाने सुया टोचणं.

मग 'एमएलएस क्यूओएस' पुन्हा टाकून सगळं नीट करायचं. फोनना वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं केलेलं जाळं) द्या, तुमच्या फोटोत सगळं एकाच व्हीलॅनमध्ये दिसतंय. एक्स्चेंजच्या पोर्टावर, फोनच्या पोर्टांवर आणि फायबरच्या पोर्टावर 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी' ही ओळ टाका (डीएससीपी म्हणजे पॅकेटवरची ती ४६ सारखी खूण). पाहुण्यांच्या वायफायच्या पोर्टावर आणि नुसते कॉम्प्युटर लावलेल्या पोर्टांवर ती टाकायची नाही. तिथून आलेली खूण पुसली जाते ती जाऊ द्या, कारण खूण लावायला कोणालाही पैसे पडत नाहीत. एखादं फुकटचं सॉफ्टवेअरही स्वतःला ४६ लावून घेऊ शकतं. फोनच्या मागून कॉम्प्युटर जोडले असतील तर तिथे थोडा जास्त विचार लागतो: त्या पोर्टावर ट्रस्ट टाकलं की कॉम्प्युटरच्या खुणेवरही विश्वास ठेवल्यासारखं होतं. तसे पोर्ट किती आहेत ते मोजा. दोन-चारच असतील तर कॉम्प्युटर वेगळ्या पोर्टावर घ्या, तुमच्याकडे पोर्ट शिल्लक आहेत.

यानंतर फायबरच्या पोर्टावर 'प्रायॉरिटी-क्यू आउट'. या ओळीने पहिली रांग खास होते. तिच्यात पॅकेट आहे तोवर बाकीच्या तीन थांबतात. ४० ते ४७ या खुणांची पॅकेटं मुळातच पहिल्या रांगेत जातात, त्यामुळे ४६ साठी वेगळा नकाशा लिहावा लागत नाही. सगळं दोन्ही स्विचवर करा. शेडच्या स्विचचंही फायबरचं पोर्ट तसंच हवं. स्विच फक्त आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या रांगेचा मालक असतो. शेडकडून ऑफिसकडे येणाऱ्या रांगेवर ऑफिसच्या स्विचची सत्ता चालत नाही. आज त्या बाजूला गर्दी नाही, पण सर्व्हरवरून मोठी डिझाइनं उघडायला लागलात की परदेशातला माणूस "हॅलो" म्हणायला लागेल.

आणि आकडे बघा, कानावर विसंबू नका. 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस', पुढे पोर्टाचं नाव आणि 'स्टॅटिस्टिक्स' असं टाकलं की आत किती पॅकेटं ४६ ची आली, बाहेर किती गेली आणि कोणत्या रांगेत किती टाकून दिली, हे सगळं छापून येतं. एक ध्यानात ठेवा: कॉन्फिगरेशनमध्ये रांगा १ ते ४ असतात, या यादीत त्याच ० ते ३ म्हणून मोजलेल्या दिसतात. तुमची आवाजाची रांग इथे ० नंबरला सापडेल. इथे अनेकजण चकतात आणि दुसरीच रांग बघून निर्धास्त होतात.

एवढं केलं की फोन सुधारतील याची मला खात्री आहे. तरी एक सांगायचं राहिलं, आणि ते मला मनापासून सांगायचंय. क्यूओएसने गेट रुंद होत नाही. फोन आधी सुटला म्हणजे फाइल मागे राहिली, इतकंच. तुमच्याकडे दोन्ही स्विच गिगाबिटचे आणि मधला कन्व्हर्टर १०० चा, हे खरं तर सोडवण्यासारखं आहे. फायबर मल्टिमोड (जाड गाभ्याचं, कमी अंतराचं) असेल, अगदी जुनं ६२.५ मायक्रॉनचं असलं तरी, गिगाबिटची एसएक्स प्रकारची जोडी त्यावर २२० मीटरपर्यंत चालते आणि तुमचे १८० मीटर आहेत. दोन्ही टोकं एकाच वेळी बदलायची, एक टोक आज आणि एक पुढच्या महिन्यात असं जमत नाही, कारण जुने १०० वाले साधारण १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर बोलतात आणि एसएक्स ८५० वर. सिंगलमोड (बारीक गाभ्याचं) फायबर असेल तर एलएक्स प्रकारची जोडी घ्या. कोणतं आहे ते केबलच्या वेष्टणावर छापलेलं असतं, अंदाज करू नका. ते बदलल्यावरही वरच्या ओळी राहू द्या. गिगाबिटचे चार कॉम्प्युटर एका गिगाबिटच्या गेटवर आले की रांग पुन्हा लागतेच, फक्त फार थोडा वेळ.

प्रश्न: आमचं होटगी रोडवर सीटी स्कॅन सेंटर आहे. स्कॅन पुण्याच्या रेडिओलॉजिस्टकडे क्लाउडवरून जातात आणि ते टीम्सवर (व्हिडिओ कॉलच्या ॲपवर) बोलून रिपोर्ट समजावतात. स्कॅन अपलोड होत असताना त्यांचं चित्र गोठतं, आवाज जातो. इंटरनेटचं अपलोड २० एमबीपीएस आहे. इंजिनिअरने स्विचवर क्यूओएस छान लावून दिलं, आवाजाला ४६, व्हिडिओला ३४, स्कॅन बॅकअप आणि कॅमेऱ्यांबरोबर सगळ्यात खाली, सगळं तपासलं. फरक शून्य. पैसे वाया गेले का?

उत्तर: काम चांगलं झालंय, पण रांग लागते त्या जागी झालेलं नाही.

तुमच्या स्विचवर गर्दीच नाही. स्कॅनचा कॉम्प्युटर गिगाबिटने स्विचकडे देतो, स्विच गिगाबिटने राउटरकडे देतो. एकही पॅकेट थांबत नाही, मग कोणाला आधी सोडायचं हा प्रश्नच स्विचपुढे येत नाही. थांबायची वेळ राउटरच्या पुढे येते, जिथे हजारचे वीस होतात. बऱ्याचदा तर राउटरच्याही पुढे, कंपनीने दिलेल्या फायबरच्या डबीत. त्या डबीत तुमचं काही चालत नाही आणि तिला ४६ कळत नाही.

उपाय असा, की रांग आपल्या घरात ओढून आणायची. राउटरवर बाहेर जाणाऱ्या दिशेला १८ एमबीपीएसची मर्यादा घाला, मोजून मिळणाऱ्या २० पेक्षा जाणूनबुजून कमी. आता डबी कधीच भरणार नाही, भरेल ती राउटरची रांग, आणि तिथे तुम्ही सांगाल तो आधी जाईल. इंजिनिअरने लावलेल्या खुणा इथे कामाला येतील. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल नावाची सोय असेल तर तीही चालू करा, ती प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देते आणि कोणालाही फार वेळ अडवू देत नाही.

एक तपासणी मात्र लगेच करा. विंडोजवर टीम्स चालतं तेव्हा त्याच्या पॅकेटांवर खूण आपोआप बसेलच असं नाही. विंडोजच्या पॉलिसी-बेस्ड क्यूओएस या सोयीत आवाजासाठी ५०००० ते ५००१९ ही पोर्टं (स्विचवरची नव्हेत, सॉफ्टवेअरमधले क्रमांक) ४६ ला, व्हिडिओसाठी ५००२० ते ५००३९ ही ३४ ला बांधावी लागतात. तुमचे कॉम्प्युटर डोमेनमध्ये, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात, नसतील (सेंटरमध्ये बहुधा नसतात), तर विंडोजच्या रजिस्ट्रीत 'डू नॉट यूज एनएलए' ही नोंद १ केल्याशिवाय पॉलिसी कागदावरच राहते. "सगळं तपासलं" म्हणजे स्विच तपासला असणार. पॅकेटवर ४६ दिसतंय का, हे कोणी बघितलंय का ते विचारा.

आता खरा विचार करण्याचा भाग. तुमच्या इंजिनिअरने स्कॅन सगळ्यात खालच्या रांगेत टाकलेत, बॅकअप आणि कॅमेऱ्यांबरोबर. मला ते पटत नाही. ५१२ बाय ५१२ बिंदूंची एक चकती (स्कॅनचं एक चित्र) अर्ध्या एमबीची. ४०० चकत्यांचं एक स्कॅन म्हणजे २०० एमबी, १६०० मेगाबिट. २० च्या वेगाने ८० सेकंद, १८ ने ८९. नऊ सेकंदांनी कोणाचं बिघडत नाही. पण त्याच वेळी कॅमेऱ्यांचं क्लाउड रेकॉर्डिंग आणि बिलिंगचा बॅकअप त्या रांगेत बरोबरीने उभे राहिले तर तेच स्कॅन तीन-चार मिनिटांवर जाऊ शकतं. टेबलावर डोक्याला मार लागलेला पेशंट असेल, बाहेर बाकावर त्याची माणसं बसली असतील, तेव्हा ही मिनिटं कोण भरून देणार? स्कॅनला मधली स्वतंत्र रांग द्या. आवाज आणि व्हिडिओच्या खाली, बॅकअप आणि कॅमेऱ्यांच्या बरंच वर, आणि निदान १० एमबीपीएस त्याच्या नावावर राखून ठेवा. बॅकअप रात्री अकरानंतर लावा, तो थांबला म्हणून कोणी रडत नाही. हे ठरवणं इंजिनिअरचं काम नाही, ते डॉक्टरांचं आहे. एका कागदावर क्रम लिहून सही करून त्याच्या हातात द्या.

खाली येणाऱ्या दिशेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते: तिकडची रांग कंपनीच्या घरात असते. तुमच्या सेंटरमध्ये येणारं बहुतेक हलकंच आहे, त्यामुळे त्याची काळजी नको.

प्रश्न: मी पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आवाजाची खूण ४६ च का? सरांनी पाठ करायला सांगितलंय. आणि एका एक्स्चेंजच्या मेनूत १८४ लिहिलेलं पाहिलं, ते काय?

उत्तर: पाठ करू नकोस, एकदा वहीत मांड, मग विसरणार नाहीस.

आयपी पॅकेटच्या माथ्यावर (हेडरमध्ये) आठ बिटांचं एक घर आहे. पूर्वी त्याचे पहिले तीन बिट 'किती महत्त्वाचं' हे सांगायचे, ० ते ७. १९९८ च्या डिसेंबरात आरएफसी २४७४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) आलं आणि त्या घराचे पहिले सहा बिट डीएससीपीला दिले गेले, म्हणजे ० ते ६३. उरलेल्या दोन बिटांत पुढे गर्दीची सूचना देण्याची सोय आली. आता ४६ बायनरीत लिही: १०१११०. पहिले तीन बिट १०१, म्हणजे ५. जुन्या पद्धतीत आवाज ५ वरच असायचा. त्यामुळे फक्त तीन बिट वाचणाऱ्या जुन्या यंत्रालाही हे पॅकेट आवाजाचंच वाटतं. व्हीलॅनच्या टॅगमध्येही तीन बिटांचा एक आकडा असतो, सीओएस, तिथेही आवाज ५.

१८४ हेच ते, फक्त आठही बिट एकत्र वाचलेले. १०१११० च्या मागे दोन शून्यं लाव: १०१११०००. ते १८४. चाराने भाग, ४६. कोणत्या मेनूत डीएससीपी मागितलाय आणि कोणत्यात पूर्ण घर, हे आधी बघायचं. जिथे १८४ हवं तिथे ४६ भरलं तर बिट होतात ००१०१११०, म्हणजे डीएससीपी ११, आणि त्याला कोणी ओळखत नाही. चुकीचा निरोपही दिसत नाही, फोन लागतो, चालतो, फक्त गर्दीत तुटतो. असला बिघाड शोधायला माझ्यासारखीला दीड दिवस लागलेला आहे. आणि उलट घोटाळाही लक्षात ठेव: काही स्विच सीओएस ५ चं रूपांतर मुळात ४० मध्ये करतात, ४६ मध्ये नाही. स्विचच्या आत ते चालून जातं, पुढचा राउटर ४६ ची वाट बघत असतो. तो नकाशा हाताने दुरुस्त करावा लागतो. तोंडी परीक्षेत हे सांगितलंस तर सर खूश होतील.

प्रश्न: पूर्व भागात आमचे यंत्रमाग आहेत, ऑफिसात पंधरा कॉम्प्युटर. मी इंजिनिअरला सांगितलं, माझ्या केबिनचं पोर्ट सगळ्यात वर ठेव. तो नाही म्हणतो. मालक मी आहे, पैसे मी देतो. त्याला तुम्हीच सांगा.

उत्तर: तुमचा इंजिनिअर बरोबर आहे, आणि तुमच्यापुढे नाही म्हणतो म्हणजे प्रामाणिकही आहे.

मी एकदा हो म्हणाले होते. २०१४ साल. सोलापुरातलाच एक कारखाना. मालकांचं म्हणणं, कॅमेऱ्याचं चित्र एक क्षणही थांबता कामा नये, चोरी झाली होती त्यांच्याकडे. रेकॉर्डर एका इमारतीत, कॅमेरे दुसरीत, मधे १०० एमबीपीएसची लिंक. मी कॅमेऱ्यांना सगळ्यात वरच्या रांगेत बसवलं. तेव्हा १६ कॅमेरे होते, प्रत्येकी चार एमबीपीएस, ६४ झाले, उरलेल्यात बाकीचं काम चालत होतं. शुक्रवारी माझ्या माघारी आणखी १६ कॅमेरे त्याच लिंकवर जोडले गेले. १२८ एमबीपीएस, वरच्या रांगेत, १०० च्या गेटवर. वरची रांग रिकामीच होत नाही म्हटल्यावर खालच्या रांगांतलं एकही पॅकेट बाहेर पडत नाही.

शनिवारी पगार होता. हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर त्याच लिंकच्या पलीकडे. दुपारी चारला खिडकी उघडली आणि पहिल्याच बाईंचं नाव स्क्रीनवर येईना. मला साडेसहाला फोन आला. मी जुळे सोलापूरहून पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. शिलाई आणि पॅकिंगच्या बायका भिंतीला टेकून, पायरीवर, सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसलेल्या. काहींच्या मांडीवर पोरं. शनिवारचा बाजार करून घरी जायचं होतं त्यांना, बाजार उठत आला होता. आत कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या सगळ्या अगदी स्वच्छ दिसत होत्या, एक क्षणही न थांबता.

मी कॅमेऱ्यांची ती ओळ काढली, नावं येऊ लागली. सव्वाआठ वाजता शेवटच्या बाईंनी सही केली. रविवारी कॅमेऱ्यांसाठी वेगळी केबल ओढली. तेव्हापासून कोणत्याही पोर्टाच्या वरच्या रांगेत लिंकच्या एक तृतीयांशाहून जास्त भार जाऊ देत नाही, आणि तिथे आवाजाशिवाय काही ठेवत नाही.

तुमच्या केबिनचं म्हणाल तर पोर्ट वर ठेवून तुमचा ई-मेल वेगात येणार नाही, पण तुमच्या कॉम्प्युटरवरून मोठी फाइल निघाली की माग विभागाचे फोन बंद पडतील. केबिनमध्ये काम हळू चालतं म्हणून तुम्ही हे मागताय ना? मग इंजिनिअरला त्या पोर्टाचा वेग बघायला सांगा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. सॉकेटमध्ये उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार सैल असली तरी पोर्ट बऱ्याचदा मुकाट्याने १०० वर येतं. यंत्रमागाच्या हादऱ्यांनी आणि सुताच्या धुळीने पूर्व भागात असे सैल सॉकेट मी कितीतरी पाहिलेत. क्रिंपिंग नवीन करून घ्या, सॉकेटला झाकण लावा, आणि मग कसं चालतंय ते कळवा.